बिनखेकड्याची गोष्ट

धनीरामला सरळ बोलता येत नसे. जिभेत काही दोष नव्हता. जीभ उलट गावातल्या कुणाहीपेक्षा चार बोटं लांबच होती. पण प्यायला पाणी हवं असलं तरी तो बायकोला तहानलेल्या कावळ्याची गोष्ट सांगायचा. त्याचा कावळा मडक्यात खडे टाकी, पाणी काठाला येई, आणि बिचारा चोच बुडवणार तेवढ्यात चार माणसं येऊन मडक्यावर 'नळयोजना पूर्ण' असं लिहीत, फोटो काढत आणि मडकं उचलून पुढच्या गावाला नेत. कौशल्याबाई हसू दाबून त्याच्यापुढं तांब्या आदळायची. "प्या आता. झाली तुमची योजना पूर्ण."

करडीच्या पुढं, जंगलाच्या अंगाला असलेल्या त्या गावात धनीराम धानावर पोट भरत असला, तरी ओळखला जायचा तो दंडारीचा नकल्या म्हणून. दिवाळी झाली की इकडं गावोगावी मंडई भरते, पाहुणेरावळे येतात, आणि भर दुपारी उघड्या मैदानात दंडार उभी राहते. ढोलकी, गाणी, बाईचं सोंग घेतलेले गडी आणि मधेमधे नकला. आजीच्या तोंडच्या प्राण्यांच्या गोष्टींना आजचे कपडे चढवायचे, हे धनीरामचं काम. त्याचा ससा मोटारसायकलवरून निघायचा आणि अर्ध्या वाटेत रील काढायला थांबायचा. कासव बिचारं जिंकायचं, पण पाहुण्यांना घाई म्हणून हार आधीच भलत्याच्या गळ्यात पडलेला असायचा. त्याच्या सिंहाला विहिरीत दुसरा सिंह दिसला तेव्हा त्यानं उडी मारली नाही. 'मोठ्या भाऊंसोबत' असं लिहून फोटो टाकला आणि त्या फोटोवर निवडणूक लढवली. लोक पोट धरून हसायचे. ज्याची टर उडाली त्यानं मनात काही धरायचं नाही, हा गावाचा जुना कायदा. उलट त्यानंच पुढं येऊन नकल्याला पानाचा विडा द्यायचा. विडा दिला की दंडारीत बोललेलं दंडारीतच मिटलं. माजी सरपंचानं दिला होता, शाळेतल्या गुरुजींनी दिला होता, आणि एकदा कौशल्याबाईनंही दिला होता, फक्त तो जरा जोरात हातावर मारला होता.

अशा माणसाच्या पोटात यंदा एक खरी गोष्ट शिरून बसली आणि तिला काही केल्या कपडे चढेनात.

पोळ्याच्या सुमाराला धनीराम धानाच्या बांधीत निंदण काढत होता. खिशातला फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"काकाजी, मी रिता. एक कहानी सांगा ना."

रिता म्हणजे शेजारच्या जनाबाईची मुलगी. दोन्ही घरांमध्ये एकच भिंत, आणि तीही पोरांनी उड्या मारून कमरेएवढी करून ठेवलेली. रिताचा बाप ती लहान असतानाच गेला. जनाबाईनं लोकांच्या बांध्यांत राबून तिला एकटीनं वाढवलं. धनीरामच्या प्रत्येक नव्या गोष्टीला पहिलं हसू मिळायचं ते रिताचं. गेल्या वर्षी ती दक्षिणेतल्या कुठल्याशा सूतगिरणीत कामाला गेली होती. नेली होती ती धनीरामच्या भाच्यानं, राजकुमारनं. गावोगावच्या पोरी अशा कामांवर नेऊन पोचवणं हाच त्याचा धंदा.

धनीरामनं चिखलात उभ्याउभ्या तिला लांडग्या-कोकराची गोष्ट सांगितली. लांडगा वरच्या अंगाला पाणी पितो आणि कोकराला म्हणतो, तू माझं पाणी उष्टं केलंस. कोकरू म्हणतं, अहो, पाणी तर तुमच्याकडून माझ्याकडं वाहतं. लांडगा म्हणतो, ते खरं, पण नकाशात उलटं दाखवलंय. रिता हसली. हसतच राहिली. मग धनीरामच्या ध्यानात आलं, की पोरगी केव्हाची रडते आहे.

फोन तिथल्या स्वयंपाकिणीचा होता. पोरींचे फोन काढून घेतले होते. रविवारी हातात द्यायचे, तेही शेजारी मुकादम उभा ठेवून. राहायच्या खोल्यांना बाहेरून कुलूप. रिता मशीनजवळ चक्कर येऊन पडली तर तोंडावर पाणी मारून त्याच संध्याकाळी पुन्हा मशीनवर उभी केली. घरी जाते म्हटलं, तर मुदत संपल्याशिवाय कुणी जात नाही म्हणाले. राजकुमारदादाला सांगितलं, तर तो म्हणाला, होईल सवय.

"मायले नोका सांगू, काकाजी. तुमाले माही शपथ हाय. तिचं काळीज कच्चं हाय, ते मरून जाईन."

"नाई सांगत, बेटा," धनीराम म्हणाला. आणि फोन तुटला.

पुन्हा लावला तेव्हा एक बाई न कळणाऱ्या भाषेत घाबऱ्याघाबऱ्या काहीतरी बोलली. त्यानंतर नंबर बंदच लागू लागला.

आता कुणीही म्हणेल, की जाऊन सरळ त्या भाच्याची कॉलर धरायची होती. म्हणणाऱ्यानं आधी इकडं भाचा म्हणजे काय ते समजून घ्यावं. भाचा दारी आला की मामानं त्याच्या पाया पडायचं, मग मामा पिकल्या केसांचा असो आणि भाचा दुपट्यातला असो. त्याच्यावर हात उगारायचा नाही, आवाज चढवायचा नाही. ते पाप गंगेतही धुतलं जात नाही म्हणतात. राजकुमार पाळण्यात होता तेव्हापासून धनीराम त्याच्या पाया पडत आला होता. एकदा तर पाया पडताना बाळराजांनी मामाच्या टोपीवर धार धरली होती, आणि धनीरामनं टोपी न झटकता तशीच डोक्यावर ठेवली होती, तीर्थ म्हणून. ही गोष्ट तो स्वतःच रंगवून सांगायचा.

तरी तो एकदा कारध्याला गेला. तिथं वैनगंगेच्या काठी त्याची बहीण आनंदाबाई राहते, राजकुमारची आई. राजकुमारनं पांढरं शर्ट घातलं होतं. धनीराम त्याच्या पाया पडला आणि जेवता जेवता जमेल तितक्या सहज आवाजात म्हणाला, "भाचेबाबू, ते रिता कशी हाय?"

"मस्त हाय, मामाजी. पाहा." राजकुमारनं फोनवर फोटो दाखवला. निळ्या गणवेशात रिता हसत उभी होती.

आनंदाबाईनं भावाच्या पानात आणखी भात वाढला. लेकाच्या कामाचं तिला कोण कौतुक! धनीरामनं भात कालवला, खाल्ला, हात धुतला आणि परत आला. येताना पुलावर त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की एस.टी.त शेजारी बसलेल्या ओळखीच्या माणसानं "एखादी गोष्ट होऊन जाऊ द्या" म्हटलं तेव्हा तो झोपेचं सोंग घेऊन बसला.

इकडं जनाबाई रोज संध्याकाळी भिंतीवर कोपर टेकून विचारायची, "धनीरामभाऊ, तुमच्या भाच्याकडून रिताचं काई समजलं का? रविवारी बोलते, पन दोनच शब्द बोलते."

आणि धनीराम म्हणायचा, "तिनं कबुतर धाडलं होतं चिठ्ठी देऊन. पन ते करडीत कोनाच्या तरी अंगनात चने खात बसलं हाय." जनाबाई पदर तोंडाला लावून हसायची आणि भात चढवायला आत जायची. तेवढ्यापुरतं धनीरामलाही बरं वाटायचं.

दिवाळी आली. भाऊबीजेला आनंदाबाई आली, सोबत राजकुमारही. धनीरामनं भाच्याचे पाय धुतले, कौशल्याबाईनं त्याला ओवाळलं. जेवणं झाल्यावर राजकुमारनं सांगितलं, की मंडईनंतर तो गावातल्या पोरींची नवी तुकडी नेणार आहे. दंडारीतल्या ढोलकीवाल्या डोमाची नात गुंजन तयार आहे. आणि रूपा.

रूपा म्हणजे धनीरामची एकुलती एक मुलगी. बारावी होऊन घरात बसली होती. तिनं बापाकडं पाहिलंही नाही, थेट आईलाच सांगितलं, "माय, मी जातो. रोवन्यात कंबर मोडून मले जिंदगी नाई काढाची."

यात तिचं काय चुकलं? गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या कुठल्या पोरीला तसं वाटत नाही? कौशल्याबाईलाही ते पटलं. "घरचा मानूस नेऊन राहिला," ती म्हणाली, "मंग कायचं भेव?"

सगळ्यांनी धनीरामकडं पाहिलं. त्याच्या छातीत 'नाही' हा शब्द धडका मारत होता. तोंडातून मात्र निघालं, "बगळा एका पायावर उभा राहते, कारन दुसरा पाय हापिसात राहते." आनंदाबाई खो खो हसली. राजकुमार हसला. रूपा तेवढी उठून आत गेली.

त्या दिवशी धनीरामनं ठरवलं, की रिताची शपथ न मोडता आणि भाच्याचा अपमान न करता ही गोष्ट गावापुढं मांडायची एकच जागा आहे. दंडार. तिथं जनाबाईला कळणार नाही, रूपाला कळेल. राजकुमारला लागेल, पण बोलता येणार नाही. एवढा हिशेब मांडून त्याला आपण फार चतुर आहोत असं वाटलं. माणसाला बुद्धी असते, पण ती अशा वेळी नेमकी पाठ करून बसते.

गोष्ट त्यानं बगळ्याची घेतली. म्हातारा बगळा तळ्यातल्या माशांना सांगतो, की तळं आटणार आहे. एकेकाला पलीकडच्या मोठ्या तळ्यात नेतो म्हणून उचलतो आणि खडकावर नेऊन खातो. शेवटी खेकड्याची पाळी येते. त्याला वाटेत काट्यांचा ढीग दिसतो, आणि तो नांगीनं बगळ्याची मान धरतो ती तोडूनच सोडतो.

ढोलकीवर डोमा बसायचा. धनीराम आणि तो जन्माचे जोडीदार. तालमीत सगळं झाल्यावर त्यानं विचारलं, "अन् केकडा कुठं गेला गा?"

"सुट्टीवर हाय."

"केकड्याबिगर कहानी संपन कशी?"

बगळा कोण आहे ते धनीरामला माहीत होतं. मैदानात, चारचौघांत, सोंगातल्या का होईना, पण भाच्याची मान मोडायची? ते त्याच्यानं होईना. म्हणून त्यानं खेकडा काढूनच टाकला. गावातला कुठलाही मामा हेच करता.

मंडईच्या दुपारी मैदान फुललं. एकीकडं कापून रचलेल्या धानाचे पुंजणे, एकीकडं पाळणे, जिलेबीच्या कढया आणि मधे दंडार. धनीराम बँडवाल्याची पांढरी पँट, पांढरं शर्ट, काळा चष्मा आणि दोन्ही कानांना दोन फोन लावून एका पायावर उभा राहिला, तेव्हा बोलायच्या आधीच हशा पिकला. लुगडी नेसलेले मासे ठुमकत आले.

"पोट्ट्यांनो, तलाव आटून राहिला," बगळा म्हणाला. "तिकडच्या तलावाले खालून फरशी लावली हाय. पानी चोवीस तास. खानं फुकट, राहनं फुकट, डासबी पावडर लावून येते."

"पन गेल्या साली गेलेली मरळ फोन काहून नाई करत?" एका रोहूनं विचारलं.

"पान्यात रेंज राहते का, येडे?"

"मंग तिचा फोटो तं दाखव!"

बगळ्यानं फोन उंच धरला. "पाहा, कशी सजून बसली हाय! ताटात बसवली हाय तिले. डोक्यावर सांबाराचा गजरा, बाजूले लिंबाची फोड!"

ताटातल्या मासळीवरची हिरवी कोथिंबीर डोळ्यांपुढं येताच मैदान असं फुटलं, की जिलेबीवाला झारा हातात घेऊन बघायला आला. मासे 'माहा नंबर, माहा नंबर' करत बगळ्याच्या पाठीवर चढू लागले. धनीराम हसवत होता आणि गर्दीत रूपाला शोधत होता. ती गुंजनजवळ उभी होती. गुंजन डोळे पुसत हसत होती. जनाबाई बायकांत बसून हसत होती, इतकी की तिला ठसका लागला. रूपा हसत नव्हती. धनीरामला वाटलं, कळलं पोरीला. बगळ्यानं शेवटी ढेकर दिली, दात कोरले, आणि डोमानं नाइलाजानं ढोलकीवर शेवटची थाप मारली.

गर्दीतून राजकुमार पुढं आला. त्यानं व्हिडिओ काढला होता. हातात विडा होता.

"मामाजी," तो हसतच म्हणाला, "तुम्ही तं यंदा मलेच धरलं!"

त्यानं विडा मामाच्या हातावर ठेवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. झालं. कायद्यानं मिटलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, चोरटेपणाही नव्हता. खरोखरच त्याला मजा आली होती. धनीरामला वाटलं होतं याला निदान घाम फुटेल.

"उद्या मोहाडीकडं एक मंडई हाय," राजकुमार त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "हेच करा तिथं. तुमची नक्कल झाली का पब्लिक थांबते, मंग मी दोन शब्द बोलतो. आत्ताच पाहा ना, एका पोट्टीची माय येऊन इचारून गेली."

धनीरामच्या तोंडातला विडा कडू झाला. त्यानं गावाला सावध करायला सोंग घेतलं होतं, आणि गाव हसून बगळ्याच्या पाठीवर चढत होतं. दुसऱ्या दिवशीच्या मंडईला तो पोट दुखतं म्हणून गेला नाही. पोट खरंच दुखत होतं.

त्या दिवशी दिवेलागणीला रूपा अंगणात बॅगेची चेन दुरुस्त करत बसली होती. बाप जवळ येऊन उभा राहिलेला पाहून म्हणाली, "बाबा, ते नक्कल माह्यावर होती का?"

"मच्छ्यायवर होती."

"हासवू नोका." तिनं बॅग खाली ठेवली. "मी बगळ्याच्या पाठीवर चढनारी येडी मच्छी हाय, हेच दाखवलं ना सगळ्या गावाले? तुम्ही सगळ्यायची नक्कल करता. माहीबी केली. आता एक सरळ सांगा. जाऊ, का नोको जाऊ?"

एवढा सोपा प्रश्न त्याला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. धनीरामनं तोंड उघडलं. रिताची शपथ आठवली. भात वाढणारी बहीण आठवली. ती पुन्हा या उंबऱ्यावर भाऊबीजेला येणार नाही, हे दिसलं. आणि जीभ, ती मेली बैलासारखी सवयीच्या वाटेनं गेली. "मच्छीनं बगळ्याले इचारावं, बापाले कायले इचारते?"

रूपा त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुमाले माह्यासंगबी खरं नाई बोलता येत." आणि बॅग घेऊन आत गेली.

धनीराम तिथंच बसून राहिला. आपण भित्रे आहोत, हे त्याला त्या दिवशी स्पष्ट कळलं. इतकी वर्षं तो आपल्याला विनोदी समजत होता.

लगेच पुढच्या दिवशी निघायचं होतं. सकाळी गाडी धनीरामच्याच दारात लागली. गुंजन आधीच येऊन खिडकीची जागा धरून बसली होती. डोमा नातीला निरोप द्यायला आला होता, गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. कौशल्याबाई डोळे पुसत रूपाच्या हातात दशमीचं फडकं देत होती. जनाबाई भिंत ओलांडून आली. तिच्या हातात करंज्यांचा डबा होता.

"रूपा, हे रिताले दे. म्हन, मायनं रात जागून केल्या." मग डबा तिच्या हातात देऊन जरा घुटमळली. "अन् ते बारीक झाली का, तेवढं पाहून मले फोन कर."

राजकुमार पुढच्या दारातून उतरला. धनीराम वाकला आणि त्याच्या पाया पडला.

"भाचेबाबू," तो हात जोडून म्हणाला, "रूपा नाई येत."

बायका हसल्या. गुंजननं खिडकीतून फोन बाहेर काढून धरला, काकांची नवी नक्कल सुटू नये म्हणून.

"आता हे काय सोंग?" कौशल्याबाई म्हणाली.

"सोंग नाई. रूपा नाई येत. गुंजननंबी जाऊ नये." त्याला पुढचं वाक्य सुचेना. आयुष्यभर वाक्याच्या शेपटाला काहीतरी बांधायची सवय, आणि आज बांधायला काहीच नव्हतं. लोक त्या शेपटाची वाट बघत हसरे चेहरे घेऊन उभे होते. "तिथं पोरीयले कुलपात ठेवते. बाहेरून कुलूप. फोन काढून घेते. चक्कर येऊन पडली तरी मशीनवर उभी करते."

"मामाजी," राजकुमार हसून म्हणाला, "दंडार झाली ना परवा. इडाबी दिला मी."

पुन्हा हशा झाला. डोमा तेवढा हसला नाही. तो धनीरामच्या तोंडाकडं टक लावून बघत होता.

"मले रितानं फोन केला होता," धनीराम म्हणाला.

हसणं एकदम थांबलं नाही. पुढच्यांचं आधी थांबलं, मागच्यांना कळायला वेळ लागला. जनाबाई मात्र जागच्या जागी वळली.

"कधी?"

"पोळ्याच्या वक्ती."

"तुले केला?"

"हव."

"मले नाई केला." ती हे विचारत नव्हती, स्वतःलाच ऐकवत होती. "काय बोलली?"

धनीरामनं सगळं सांगितलं. स्वयंपाकिणीचा फोन, मुकादम, कुलूप, चक्कर, सवय होईल म्हणालेला राजकुमार. एकाही शब्दाला त्यानं कपडे चढवले नाहीत. जनाबाईच्या चेहऱ्याकडं बघत बोलणं त्याला जमेना, म्हणून तो गाडीच्या चाकाकडं बघत बोलला. "तिनं शपथ घातली होती, जनाबाई. तुह्या काळजाले सोसनार नाई म्हने."

जनाबाई पडली नाही. छातीला हातही लावला नाही.

"पोळ्यापासून," ती म्हणाली. "मी रोज तुले भिंतीवरून इचारत होती. अन् तू मले कबुतराची कहानी सांगत होता." "मी हासत होती, भाऊ. माही पोरगी तिथं कुलपात, अन् मी इथं हासत होती."

धनीरामला वाटलं, हिनं एक थोबाडीत मारावी. तिनं ती मारली नाही. तिनं रूपाच्या हातातला डबा परत घेतला, पदर कमरेला खोचला आणि गाडीचं मागचं दार उघडून आत चढून बसली. रूपासाठी ठेवलेल्या जागेवर.

"चाल," ती राजकुमारला म्हणाली. "मले ने."

"काकी, असं कसं?" राजकुमारचा चेहरा आता पहिल्यांदाच उतरला. "तिथं बाहेरच्याले आत नाई जाऊ देत. तिथले नियम राहते."

"मी बाहेरची?"

गुंजन फोन खाली ठेवून दुसऱ्या दारानं उतरली आणि आजोबांच्या मागं जाऊन उभी राहिली. रूपानं आपली बॅग गाडीतून ओढून काढली. ती बापाजवळ आली नाही. पण घरातही गेली नाही.

"मामाजी, समजवा ना यायले," राजकुमार म्हणाला. "टेसनावर मानसं वाट पाहून राहिली हायेत. मी कोनाले जबरदस्ती नेलं नाई. सगळ्या आपल्या मनानं आल्या."

ते खरं होतं, आणि त्यामुळंच धनीरामला अधिक राग आला. पण भाच्यावर आवाज काही चढेना. त्या क्षणीही चढेना. ते काम कौशल्याबाईनं केलं, आणि तेही तोंडातून वाकडा शब्द न काढता. ती पुढं आली, राजकुमारच्या पायांवर डोकं टेकवलं, उठली आणि त्याच्या वाटेत उभी राहिली.

"तुमच्या पाया पडतो, भाचेबाबू. गाडी चालू करा. टेसनापर्यंत नाई, थेट त्या फाटकापर्यंत न्या जनाबाईले. रिताले घेऊन परत या. तवापर्यंत तुमच्या मायले मी इथं बलावून घेतो, माह्या घरी राहीन ते."

बायका गाडीभोवती सरकल्या. डोमा गाडीसमोर येऊन उकिडवा बसला आणि त्यानं चंची सोडून सावकाश तंबाखू मळायला घेतली. राजकुमारनं एकेकाकडं पाहिलं. मग शर्टाची बाही सारखी करत पुढच्या सीटवर जाऊन बसला.

धनीराम मागच्या दारापाशी गेला. जनाबाई डबा मांडीवर घट्ट धरून समोर बघत होती. तिनं त्याला ये म्हटलं नाही, येऊ नको असंही म्हटलं नाही. तो चढला आणि तिच्या समोरच्या फळीवर अंग चोरून बसला. डोमा उठून बाजूला झाला, तेव्हा गाडी सुरू झाली. बाहेर रूपा उभी होती. ती त्याच्याकडं बघत होती, आणि कालच्यासारखं नाही, एवढंच त्याला कळलं.

करडी मागं पडली तरी जनाबाई डब्याचं झाकण पुन्हापुन्हा उघडून लावत होती. धनीरामला ते बघवेना. काहीतरी बोलून हे थांबवावं म्हणून त्यानं सवयीनं तोंड उघडलं.

"नोको," जनाबाई म्हणाली. "आता तिथं जाऊन बोल."